राधाबाईंचा वाढदिवस

माझी बायको वसुधा मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता गेली. बाराव्या दिवशी गुरुजींनी तिच्या सासूचं, आजेसासूचं आणि पणजेसासूचं नाव विचारलं. पहिली दोन मी सांगितली. तिसऱ्या नावाला मी थांबलो. आमच्या मुलाने, निखिलने, फोन काढला आणि वाचलं, "राधाबाई." गुरुजींनी ते नाव मंत्रात घातलं. ते नाव मी बनवलेलं होतं.

आपल्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'वंशावळी लावण्याच्या कामातले गमतीदार अनुभव' लिहायला सांगितलं आहे. वरचा अनुभव गमतीदारच आहे. फक्त ती गंमत कळायला आमच्या कामाची थोडी माहिती लागते.

मी एका संस्थेच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. तिथे जुन्या कुलवृत्तान्तांचं एक कपाट होतं. लोक ते चाळायला यायचे, त्यात आपलं घराणं सापडलं नाही की माझ्यावर रागवायचे, आणि मग 'तुम्हीच शोधून द्या' म्हणायचे. शोधता शोधता सवय लागली. निवृत्तीनंतर तेच काम झालं. गेलेल्या माणसांची नावं आणि नाती पुराव्यानिशी लावून द्यायची, एवढंच ते काम. पुरावा म्हणजे जमिनीचे कागद, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्या, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका. नशीब जोरावर असेल तर पत्रं.

ग्राहक मात्र पुराव्यासाठी येत नाहीत. ते सरदारासाठी येतात. बंगळूरच्या जुन्या मराठी घरांतला प्रत्येक मूळपुरुष घोड्यावरून आलेला आहे. इतक्या वर्षांत एकाचाही पूर्वज पायी आल्याचं माझ्या कानावर आलं नाही. आचारी कुणाच्याच घराण्यात नव्हता, पाणक्या नव्हता, कारकूनसुद्धा नाइलाजाने असायचा. इतक्या सरदारांना रोज जेवायला कोण घालत होतं, हा विषय संशोधनाला अजून मोकळा आहे.

काम अवघड होतं ते आपल्या दोन रिवाजांमुळे. पहिला म्हणजे नातवाला आजोबांचं नाव. व्यंकटरावांचा रामराव, रामरावांचा व्यंकटराव, त्यांचा पुन्हा रामराव. कागदात एखादा व्यंकटराव सापडला की तो आजोबा की नातू हे ठरवायला महिना जातो. दुसरा म्हणजे लग्नात मुलीचं नाव बदलणं. माहेरची गोदू सासरी लक्ष्मी होते, आणि पन्नास वर्षांनी दोघी वेगवेगळ्या बायका होऊन माझ्या टेबलावर येतात.

आम्ही बंगळूरच्या चामराजपेटात राहतो. वसुधा तिथल्याच एका शाळेत गणित शिकवायची. माझ्या कामात ती पहिल्यांदा आली ती माझं अक्षर वाचवत नाही म्हणून. प्रत्येक माणसाचं एक कार्ड तिने स्वतःच्या अक्षरात करायला घेतलं. वर नाव, मध्ये माहिती, आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक ओळ: 'कोण म्हणालं?' तिथे सांगणाऱ्याचं नाव किंवा कागदाचा दाखला हवाच. नसेल तर ती नावाच्या जागी 'ठाऊक नाही' असं लिहायची आणि खाली रेघ ओढायची. गणितात आधी उत्तर लिहून मग रीत जुळवणाऱ्या मुलांना ती जसं बघायची, तसंच मलाही बघायची.

बायका कुठे शोधायच्या, ही तिचीच रीत. कागदांत पुरुष असतात. बायका भांड्यांवर असतात. मी दिवाणखान्यात दस्तऐवज बघत बसायचो तेव्हा ती "स्वल्प पाणी मिळेल का?" म्हणून स्वयंपाकघरात जायची आणि परातीच्या, घागरीच्या काठावर ठोकून घातलेली ठिपक्यांची अक्षरं वाचायची. हळदीकुंकवाला कुणी दिलं, डोहाळजेवणाला कुणी दिलं, सगळं तिथे असतं. माहेरचं नावसुद्धा.

बेळ्ळंदूरच्या एका उंच इमारतीत मीनलताई नावाच्या ग्राहक होत्या. त्यांनी इंटरनेटवरच्या वंशवृक्षांतून आपल्या पणजोबांना दोन बायका असल्याचं शोधलं होतं. पहिली गोदावरी, दुसरी लक्ष्मीबाई. पहिलीबद्दल पुढे काहीच माहिती नाही, म्हणजे ती अकाली गेली असणार, असं त्यांनी ठरवलं होतं. दर पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावाने त्या सवाष्ण जेवू घालत होत्या.

"मला तिचं फार वाटतं हो," त्या म्हणाल्या. "सगळे लक्ष्मीबाईंचं सांगतात. तिचं कोणीच नाही."

वसुधा एका पितळी घागरीपुढे बसली होती. घागरीत आता मनीप्लांट होता. काठावर लिहिलं होतं, 'चि. गोदू हिस लग्नात', आणि पुढे मामाचं नाव. भिंतीवर शोभेला टांगलेल्या परातीवर होतं, 'सौ. लक्ष्मी हिस डोहाळजेवणात', आणि पुढे त्याच मामाचं नाव.

"दोन्हीकडे मामा एकच आहे," वसुधा म्हणाली.

"मग बहिणी असतील," मीनलताई म्हणाल्या.

"असतील. बघावं लागेल."

ते बघायला तिला तीन आठवडे लागले. त्या मामाला एकच बहीण होती आणि त्या बहिणीला एकच मुलगी, हे उपाध्यांच्या वहीवरून आणि त्या घरातल्या एका जुन्या पत्रावरून सिद्ध झालं तेव्हा आम्ही पुन्हा बेळ्ळंदूरला गेलो. वाहतूक अशी होती की एवढ्या वेळात आणखी एक पिढी सापडली असती.

"म्हणजे पहिली बायको नव्हतीच?" मीनलताईंचा चेहरा उतरला.

"होती की. तीच दुसरी," वसुधा म्हणाली.

"मग इतकी वर्षं मी नवमीला कुणाला जेवू घातलं?"

"जेवायला आलेल्या बाईला," वसुधा म्हणाली.

मीनलताईंनी आमचे आभार मानले आणि आपल्या वंशवृक्षातली गोदावरी तशीच ठेवली. ती काढली तर घराण्याच्या गोष्टीत काही राहत नाही, असं त्यांनी नंतर फोनवर सांगितलं.

ज्यांनी हे इंटरनेटवरचे वंशवृक्ष पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. आपण आपल्या घरातली नावं तिथे चढवतो. तशीच नावं दुसऱ्या कुणाच्या वृक्षात असली की पडद्यावर एक ठिपका येतो आणि प्रश्न विचारतो, 'ही तीच व्यक्ती आहे का?' 'हो' म्हणायला एक बोट लागतं. 'नाही' म्हणायला आठवडाभर दप्तरखान्यात बसावं लागतं. तेव्हा लोक काय म्हणत असतील ते सांगायला नको. अशा एका वृक्षात मी वडील मुलाहून तीन वर्षांनी लहान असलेले पाहिले आहेत. संगणकाची हरकत नव्हती, मुलाचीही दिसली नाही.

मी या सगळ्याला खूप हसायचो. चारचौघांत भाषणं द्यायचो. 'दहा जणांनी एकाची नक्कल केली की दहा पुरावे होत नाहीत, एकच पुरावा दहा वेळा होतो,' हे माझं ठरलेलं वाक्य. टाळ्या पडायच्या. वसुधा शेवटच्या रांगेत बसायची आणि टाळी वाजवायची नाही. तिच्याकडे कारण होतं.

कारण असं. निखिलचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी आपल्या घराण्याची छापील पुस्तिका पाठवली. अकरा पिढ्या, मध्ये एकही मोकळी जागा नाही. आता मुलाचा बाप वंशावळीचा जाणकार म्हणवतो, तेव्हा आमचीही पुस्तिका हवी. ती केली. सगळं नीट जमलं, फक्त माझ्या पणजीचं, म्हणजे वडिलांच्या आजीचं, नाव सापडेना. घरातल्या पोथ्यांत नाही, कागदांत नाही. झाडाच्या चित्रात तेवढी एक चौकट रिकामी, आणि नेमकी मधोमध. पडलेल्या दातासारखी ती दिसायची.

मी विचार केला. थोरल्या नातीला आजीचं नाव ठेवतात. माझी थोरली आत्या राधा. म्हणजे तिची आजी राधाबाई असणार. ग्राहकाने असं म्हटलं असतं तर मी त्याला पाणीसुद्धा न विचारता परत पाठवलं असतं.

"कोण म्हणालं?" वसुधाने विचारलं.

"अंदाज आहे."

"मग अंदाज आहे असं लिहा."

मी नावापुढे प्रश्नचिन्ह घातलं. छापखान्यातून प्रुफं आली तेव्हा ते प्रश्नचिन्ह फार ठळक दिसत होतं. मी ते काढलं. पुस्तिका छापून आल्यावर वसुधाने ते पान पाहिलं, मिटलं, आणि पणजीच्या कार्डाला हात लावला नाही. कार्डावर 'ठाऊक नाही' तसंच राहिलं. त्याखाली पेन्सिलीने तिने एक ओळ लिहिली होती: 'आनेकलला शेजारघरच्या रुक्माक्का आहेत. विचारायचं.' आनेकल म्हणजे बंगळूरजवळचं आमचं गाव. मला तिने ते दोनदा सांगितलंही होतं. मी 'बघू' म्हणालो होतो. रोज दुसऱ्यांच्या पणज्या शोधत होतो, स्वतःच्या पणजीला वेळ कुठला?

निखिलने हौसेने ती पुस्तिका इंटरनेटवर चढवली. त्यानंतर राधाबाईंचं जे झालं ते त्यांनी स्वकष्टाने केलं.

बाराव्या दिवशी बायकांच्या पिंडाचं असं असतं: गेलेल्या बाईच्या पिंडाचे तीन भाग करतात आणि ते तिच्या सासूच्या, आजेसासूच्या आणि पणजेसासूच्या पिंडांत मिसळतात. त्या दिवसापासून ती एकटी राहत नाही, आधीच्यांच्या पंगतीत बसते. माझा या गोष्टींवर फारसा विश्वास नाही. पण वसुधाचा अचूकपणावर होता. ज्या नावाला तिने आयुष्यात मान्यता दिली नाही, त्याच नावाशेजारी मी तिला बसवलं, आणि मुलगा फोनवरून वाचत असताना मी एक शब्द बोललो नाही. चार माणसांत बोलायची लाज वाटली. अभ्यासू माणसांना फार लाज असते.

नंतर गुरुजी हात धूत असताना मी त्यांना गाठलं. ते बेळगावकडचे, पन्नाशीचे, मोटरसायकलवर येणारे गृहस्थ.

"एखादं नाव चुकलं असेल तर?"

"पोचतंय हो सर. पत्ता चुकला तरी पोस्टमन गल्लीतलाच असतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "वर्षश्राद्धाला नीट घालू की. वर्ष आहे हातात. सरी?"

मीही कानडीतच "सरी", म्हणजे बरं, म्हणालो. वर्षश्राद्धाच्या आत पणजीचं खरं नाव शोधायचं, असं मी त्या दिवशी ठरवलं.

या शोधातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आधीच सांगून टाकतो. ते नाव माझ्यासमोर उच्चारलं गेलेलं आहे. आई गेली तेव्हा मी तिशीचा होतो. बाराव्याला थोरला भाऊ अण्णा बसला होता आणि आमचे जुने गुरुजी सांगत होते. त्यांना आमच्या पिढ्या पाठ होत्या. आईच्या आजेसासूचं, म्हणजे माझ्या पणजीचं, नाव त्यांनी घेतलं, अण्णाने त्यांच्यामागून म्हटलं. मी खिडकीत बसून पुस्तक वाचत होतो. आता ते गुरुजी नाहीत, अण्णाही नाही. पुस्तक आहे.

पहिल्यांदा मी इंटरनेटवर गेलो. निखिलखेरीज आणखी अकरा वृक्षांत राधाबाई होत्या. कदाचित कुणाकडे स्वतंत्र माहिती असेल, कुणाच्या घरात एखादा कागद असेल, अशी आशा होती. शिवाय इतके लोक सांगतात म्हणजे माझा अंदाज बरोबरही असेल, असं मन म्हणू लागलं. दहा पुराव्यांवर भाषणं देणाऱ्याचंच ते मन.

राधाबाईंचा संसार चांगला चालला होता. त्यांना जन्मतारीख मिळाली होती, एक जानेवारी. दोन मुलं अधिक झाली होती. कुणीतरी त्यांचा फोटोही लावला होता, नथ घातलेल्या, कॅमेऱ्याकडे रागाने बघणाऱ्या बाईंचा. एका वृक्षात त्या तीर्थयात्रेत वारल्या होत्या, दुसऱ्यात प्लेगमध्ये. एक जानेवारीला मला संगणकाकडून पत्र आलं: 'आज राधाबाईंचा वाढदिवस आहे. त्यांच्या आठवणी कुटुंबीयांना सांगा.' वसुधाला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

मी प्रत्येक वृक्षाच्या मालकाला पत्र घातलं. अमेरिकेतल्या गृहस्थांनी पुण्याच्या बाईंचं नाव सांगितलं, पुण्याच्या बाईंनी बेळ्ळंदूरच्या परागचं. पराग हा आमचा लांबचा नातेवाईक, संगणकाच्या कंपनीत. त्याच्या वृक्षात नऊ हजार माणसं आहेत. मी फोन केला.

"काका! तुमच्याशी बोलायचंच होतं," तो म्हणाला. "मी तुमचा फॅन आहे."

"राधाबाई हे नाव तुला कुठे मिळालं?"

"ते एकदम व्हेरिफाइड आहे, काका. अकरा ट्री मॅच होतात."

"पण पहिल्यांदा कुठून घेतलंस?"

तो काही वेळ टकटक करत राहिला. "सोर्स… हां. तुमचीच पुस्तिका. एक्स्पर्ट म्हणून तुमचं नाव टाकलंय मी."

"मग मी सांगतो, ते चूक आहे. तो माझा अंदाज होता. काढून टाक."

"असं कसं काढणार, काका?" त्याचा आवाज समजुतीचा झाला, म्हाताऱ्यांशी बोलताना होतो तसा. "तुम्ही एकटेच चूक म्हणताय. बाकी सगळे बरोबर म्हणतायत. तुमच्याकडे काही प्रूफ आहे का?"

मी फोन ठेवला. त्याचं बरोबर होतं. 'कोण म्हणालं?' याचं उत्तर अकरा ठिकाणी 'मी' असं होतं.

त्याच बैठकीत मी वसुधाची चौकट उघडली. उघडायची नव्हती, बोट पडलं. तिच्या नावाखाली मृत्यूचा दिवस सोमवार होता. अमेरिकेतल्या एका नातेवाइकाने बातमी कळताच भरला होता. त्याच्याकडे तेव्हा सोमवारच चालू होता, त्यामुळे त्याने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. तिथून सहा जणांनी तो सोमवार उचलला होता. मी त्या नातेवाइकाला लिहिलं की ती मंगळवारी गेली. त्याने फार नम्रपणे विचारलं, 'मृत्यूच्या दाखल्याची प्रत पाठवता का?'

मग मी वसुधाची कार्डांची पेटी काढली आणि ती पेन्सिलीची ओळ पुन्हा वाचली. दुसऱ्या दिवशी मार्केटवरून आनेकलची बस धरली.

आमचं मूळ घर आनेकलला होतं. ते आजोबांच्या वेळीच गेलं, आता तिथे सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. त्याला लागून असलेल्या घरात रुक्माक्का होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. आपल्यासारख्याच जुन्या मराठी घरातल्या, जन्म त्याच घरातला. लहानपणीच वैधव्य आलं, मग माहेरीच राहिल्या.

"कोण रे तू? स्वल्प जवळ ये की. ऐकू येतं मला, दिसत नाही."

मी आजोबांचं नाव सांगितलं.

"अय्यो! त्या घरातला? एवढ्या वर्षांनी वाट चुकलास काय रे?"

"अक्का, माझ्या पणजीबद्दल विचारायचं होतं. आजोबांची आई. तुम्ही पाहिलं होतं का तिला?"

"पाहिलं म्हणजे? तिच्याच मांडीवर वाढले की मी. मी आठ वर्षांची होते ती गेली तेव्हा. अव्वा म्हणायचे आम्ही सगळे."

मी खिशातून कोरं कार्ड काढलं.

"तिचं नाव काय होतं, अक्का?"

"अव्वा."

"अव्वा नव्हे. नाव."

"तिला नावाने कोण हाक मारणार रे? नवरा तर केव्हाच गेलेला. पोरं आई म्हणायची, आम्ही अव्वा. सुना तर 'त्या' म्हणायच्या. सासूचं नाव घेते का कुणी?" त्या हसल्या. "तिचा एक मोठा हंडा होता आमच्याकडे. त्यावर काय काय कोरलं होतं. माझ्या वहिनीने मोडीत घातला, कुकर आला त्या वर्षी."

वसुधा असती तर तिने त्या कुकरकडे जसं पाहिलं असतं ते मला दिसलं.

मी शेवटचा प्रयत्न केला. "राधाबाई नाव होतं का, अक्का? माझ्या थोरल्या आत्याचं नाव राधा. तिला आजीचं नाव ठेवलं असेल."

रुक्माक्का इतक्या मोठ्याने हसल्या की आतून भाची बघायला आली.

"शिकलेला ना रे तू? राधाक्काचं लग्न झालं तरी अव्वा जिवंत होती की. राधाक्का माहेरपणाला आली की ही दारातूनच ओरडायची, 'राधे, आधी पाय धू!' सासू बसलीय घरात, तिचं नाव पोरीला ठेवून मग सुनेने 'राधे, गाढवे' म्हणायचं कसं? जित्या सासूचं नाव ठेवतात होय कुठे नातीला?"

नाव ठेवतात ते आजी गेल्यावर, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ग्राहकांना मी ते समजावून सांगत आलो आहे. फक्त स्वतःची रिकामी चौकट भरताना आठवलं नाही. म्हणजे या शोधाचं फळ असं, की माझ्या पणजीचं नाव काय होतं ते कळलं नाही, पण जगातलं कुठलं एक नाव तिचं असूच शकत नव्हतं ते पक्कं कळलं. नेमकं तेच मी तिला दिलं होतं. शंभर नावांत डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी याहून बरं झालं असतं.

निघताना मी विचारलं, "अव्वाचं आणखी काही आठवतं का?"

"आठवतं की. बेडकाला भ्यायची." रुक्माक्का पुन्हा हसल्या, या वेळी हळू. "एवढी कडक बाई, सगळं घर चळाचळा कापायचं. पण न्हाणीत बेडूक आला की पाटावर चढून उभी राहायची. मला हाक मारायची, 'रुक्मे, कुणाला सांगू नको, ये.' मी खराट्याने हाकलायची. मग गुळाचा खडा. कुणाला सांगितलं नाही मी. तुलाच आज सांगते."

बसमध्ये मला वसुधाची फार आठवण आली. कुणाला सांगावं तर घरी कोणी नव्हतं.

निखिलला मी सगळं सांगितलं, प्रश्नचिन्ह मी काढलं तेही. तो म्हणाला, "आईला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि त्या दिवशी मी फोन काढला तेव्हा तुम्ही बोलला नाहीत."

"नाही."

त्याने लगेच आपल्या वृक्षातून राधाबाईंना काढायला घेतलं. संगणक म्हणाला, ही चौकट रिकामी ठेवता येत नाही, नाव आवश्यक आहे. निखिल वैतागला आणि त्याने 'ठाऊक नाही' असं भरलं. संगणकाने ते आनंदाने घेतलं. आता आणखी दोन वृक्षांत माझ्या पणजीचं नाव 'ठाऊक' आणि आडनाव 'नाही' असं आहे. त्यांचाही वाढदिवस लवकरच ठरेल. पराग मात्र राधाबाईंवर ठाम आहे.

वर्षश्राद्धाला गुरुजी आले. निखिल बसला. नावं विचारली गेली तेव्हा त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि थांबला. मी वसुधाच्या अक्षरातलं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं.

"तिसरं नाव?" गुरुजींनी विचारलं.

निखिलने कार्ड वाचलं. "ठाऊक नाही."

"मागल्या वेळी काहीतरी होतं की."

"ते चूक होतं," मी म्हणालो. या वेळी चार माणसांत म्हणालो. "मी बनवलं होतं."

गुरुजींनी मान हलवली. त्यात त्यांना विशेष काही वाटलं नसावं. "सरी. मग 'यथानाम्नी' म्हणायचं. जे काय नाव असेल त्या नावाची."

"एवढं सोपं होतं?" निखिलने विचारलं.

"सोय आहे सर शास्त्रात. माणसं विसरतात म्हणून तर आहे."

निखिल म्हणाला, "यथानाम्नी." मी या वेळी खिडकीत बसलो नव्हतो.

आता मी नवी कामं घेत नाही. पेटी टेबलावर आहे. तिच्यात पणजीचं कार्ड आहे. वसुधाच्या अक्षरात: 'ठाऊक नाही.' त्याखाली माझ्या अक्षरात: 'राधाबाई नव्हे. बेडकाला भ्यायची. कोण म्हणालं: रुक्माक्का, आनेकल, स्वतः पाहिलेलं.' त्याच्यामागे आणखी एक कार्ड आहे, ते पूर्ण माझ्या अक्षरात आहे. 'वसुधा. मंगळवार, सकाळी साडेदहा. कोण म्हणालं: मी. शेजारी बसलो होतो.'